‘बोल ना’ म्हणण्याआधी

पत्र थोडक्यात असं: वय २३, मूळ गाव वाई, नोकरी पुण्यात. एका मराठी अभिनेत्याच्या चाहत्यांचं इन्स्टाग्राम पेज ही वाचक आणि तिचे दोन मित्र मिळून चालवतात. फॉलोअर ३८ हजार, शिवाय १५० जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. अभिनेत्यानं गेल्या वर्षी एका वेब मालिकेत समलिंगी तरुणाची भूमिका केली. तेव्हापासून ‘हा खऱ्या आयुष्यातही तसाच आहे का’ ही चर्चा थांबलेली नाही. महिन्यापूर्वी कुणीतरी तिघा अॅडमिनना एक फोटो पाठवला. गोव्यातल्या एका शॅकमध्ये तो एका पुरुषाच्या खांद्यावर डोकं टेकून बसलाय. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, त्यानं आता उघड सांगावं, नाहीतर समलिंगी माणसांच्या जिवावर नुसत्या टाळ्या घेतल्यासारखं होईल. दुसरा म्हणतो, जूनमध्ये, प्राइडच्या (समलिंगी, पारलिंगी माणसांच्या अभिमानाच्या) महिन्यात, ‘बोल ना, आम्ही आहोत’ अशी मोहीम काढू, त्याला टॅग करू, त्याला धीर येईल. वाचकाला हे दुसरं पटतं. तिचा १६ वर्षांचा मामेभाऊ ‘मुलींसारखा वागतो’ म्हणून शाळेत मार खातो, अशा मुलांना आपल्या भाषेतला एक चेहरा मिळेल असं तिला वाटतं. पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, आणखी एक गोष्ट आहे. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीनं (तिला ‘स’ म्हणू) आपल्याला मुली आवडतात हे वाचकाला विश्वासानं सांगितलं होतं. ग्रुपवरचे विनोद थांबावेत म्हणून वाचकानं ते दुसऱ्या अॅडमिनच्या कानावर घातलं. चार दिवसांनी ‘स’ ग्रुप सोडून गेली. फोनही उचलत नाही. मोहीम काढावी का, आणि ‘स’चं काय करू, असे दोन प्रश्न आहेत.

*

‘मला अगंतुगं करा’ असं लिहिलंयस, म्हणून करते.

आधी तो फोटो. मोहिमेचं नंतर बघू. तिघांच्या फोनमधून तो काढून टाका. ज्यानं पाठवला त्याला ‘आम्ही असं काही ठेवत नाही, तूही पुढे पाठवू नकोस’ एवढं एक वाक्य पुरे. कुठून मिळाला, खरा आहे का, कधीचा, हे काहीही विचारू नका. विचारलंत की तुम्ही गिऱ्हाईक झालात, आणि गिऱ्हाईक दिसलं की माल येत राहतो.

त्या फोटोत दोन माणसं आहेत. तुझ्या चार पानी पत्रात दुसऱ्याबद्दल एक शब्द नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? तो नट नाही, त्याचं पेज नाही. त्याचे आईवडील कुठल्या गावी असतील आणि त्यांना काय माहीत असेल, ठाऊक नाही. किंवा तो नुसता मित्र असेल आणि दुपारच्या उन्हात डोळा लागला असेल. आपल्याकडे पुरुष एकमेकांच्या गळ्यात हात टाकून अख्खी जत्रा फिरतात. पण समज, तुमचा अंदाज बरोबर आहे. तरीही, ज्याला तुम्ही ओळखतही नाही अशा एका माणसाचं आयुष्य तुमच्या मोहिमेला लटकलेलं आहे, आणि त्याला त्याची खबर नाही.

आता मोहीम. ‘बोल ना’ हे शब्द ऐकायला किती गोड! रुसलेल्या माणसाला आपण असंच म्हणतो. पण ते त्याला एकटं गाठून, हळू आवाजात. ३८ हजार माणसांसमोर ‘बोल ना’ म्हटलं की ती विनवणी राहत नाही. तू त्याच्या जागी बसून बघ. टॅग आला. तो गप्प बसला तर पहिला तट म्हणणार, बघा, लपवतोय. ‘नाही’ म्हणाला आणि ते खरं असलं, तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. ते खोटं असलं तर तुम्ही त्याला जाहीरपणे स्वतःला नाकारायला लावलंत. ‘हो’ म्हणाला तर ते त्यानं ठरवलेल्या दिवशी नाही, तुमच्या पोस्टच्या खाली म्हटलेलं ‘हो’. चौथी वाट तुम्ही ठेवलेलीच नाही.

हे मी कल्पनेनं रंगवत नाही. ‘हार्टस्टॉपर’ ही इंग्रजी मालिका तुझ्या ग्रुपमध्ये बऱ्याच जणांनी पाहिली असणार. दोन शाळकरी मुलग्यांच्या प्रेमाची, अगदी हळुवार. स्वतःला ओळखायला आणि ते सांगायला माणसाला वेळ लागतो, तो वेळ त्याला द्यावा, हाच तिचा गाभा. २०२२ साली ती आली आणि त्यातल्या एका मुलग्याचं काम करणाऱ्या किट कॉनरच्या मागे तिचेच चाहते लागले. एका मुलीचा हात धरलेला त्याचा फोटो फिरला, आणि मग ‘तू आम्हाला फसवतोयस, तू नक्की कोण ते सांग’ सुरू झालं. त्यानं ट्विटर सोडलं. ३१ ऑक्टोबर २०२२ ला एक मिनिटापुरता परत आला आणि लिहिलं की मी बायसेक्शुअल आहे (म्हणजे मुलगे आणि मुली दोन्ही आवडणारा), १८ वर्षांच्या मुलाला हे सांगायला भाग पाडलंत त्याबद्दल अभिनंदन, आणि तुमच्यातल्या काहींना मालिकेचा मुद्दाच कळलेला दिसत नाही. ज्यांनी त्याला त्या कोपऱ्यात ढकललं ते समलिंगी माणसांचा द्वेष करणारे नव्हते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या प्रोफाइलला इंद्रधनुष्य असणार. तुमच्यासारखेच होते ते.

‘ते तिकडचं’ म्हणशील, तर ओडिशातली धावपटू द्युती चंद घे. मे २०१९ मध्ये तिनं आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं जाहीर केलं. आपल्या देशात इतक्या मोठ्या खेळाडूनं असं उघड सांगण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून आपण सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मीही केलं. पण तेव्हाच तिनं हेही सांगितलं होतं की घरातूनच, बहिणीकडून, आपल्याला ब्लॅकमेल केलं जात होतं, म्हणून बोलावं लागलं. ती दोन महिन्यांनी नेपल्सला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण जिंकली, ही तिची ताकद. पण आपण ज्याला धाडस म्हणून टाळ्या वाजवतो, त्यात कधीकधी ‘दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते’ एवढीच निवड उरलेली असते.

तुझ्या पत्रात एक वाक्य तीनदा आलंय: ‘आम्ही तर त्याला स्वीकारणारच आहोत.’ तुम्ही स्वीकाराल, यात मला शंका नाही. पण ‘आम्ही’ म्हणजे कोण? त्याला पुढची भूमिका देणारा निर्माता तुमच्या ग्रुपमध्ये आहे का? दहीहंडीची सुपारी देणारा मंडळाचा अध्यक्ष? भाड्याच्या घराचा मालक? गावाकडचे काका? तुम्ही हार्टचे इमोजी टाकून झोपून जाल. सकाळी दार त्याला उघडायचंय. समलिंगी संबंध हा आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत गुन्हा होता. तो कलंक कायद्यातून गेला, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मिळाला नाही. म्हणजे उघड सांगितल्यानंतरही इस्पितळाच्या फॉर्मवर ‘नातं’ या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न उरतोच. आणि सांगणं एकदाच नसतं. नवा शेजारी, नवा डॉक्टर, नवं युनिट, दर वेळी पुन्हा. कुणाला, केव्हा, किती सांगायचं याचा हिशेब ती माणसं रोज करत असतात. लैंगिक कल हा खासगीपणाचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या ऑगस्टमध्येच म्हटलंय. तिथं चाहत्यांना सूट दिलेली नाही.

पहिल्या तटाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. समलिंगी प्रेमाचा नुसता वास दाखवून प्रेक्षक गोळा करायचे आणि प्रत्यक्षात काहीच दाखवायचं नाही, असं निर्माते करतात, त्यावर बोललं पाहिजे. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या भूमिका वर्षानुवर्षं पुरुष नटांनाच का मिळतात, हाही खरा प्रश्न. तो निर्मात्याला विचारा, लेखकाला विचारा, ओटीटीच्या पेजवर जाऊन विचारा. एका माणसाच्या खोलीत डोकावून त्याचं उत्तर मिळत नाही. नट जे स्वतः नाही ते होतो, म्हणून तर आपण तिकीट काढतो.

मी तुझ्या वयाची असताना मुंबईत नाटकाच्या मध्यंतराला बटाटेवडा खाताना एका नटाबद्दल हटकून एकच प्रश्न निघायचा: ‘लग्न का केलं नाही हो त्यांनी?’ विचारणाऱ्यांचं त्याच्यावर जिवापाड प्रेम होतं. मीही त्या घोळक्यात उभी राहून हसलेय. पुढे तो नाटकानंतर मागच्या दारानं जायला लागला. आम्हाला वाटलं, शिष्ट झाला.

तू वाईची आहेस म्हणून एक सांगते. पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलीस की सेंट पीटर्स शाळा लागते. झांझिबारला जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा आठव्या वर्षी तिथं बोर्डिंगला आला. तिथंच तो फ्रेडी झाला, तिथंच त्यानं दोस्तांबरोबर पहिला बँड काढला. पुढे जगानं त्याला ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. पत्रकारांच्या आडव्यातिडव्या प्रश्नांना त्यानं चेष्टेत, वळसे घालून उत्तरं दिली. आपल्याबद्दल सरळ निवेदन कधी दिलं नाही. तो खंगत चालला तशी लंडनमधल्या त्याच्या घराबाहेर वर्तमानपत्रांच्या कॅमेऱ्यांची रांग लागली. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. इतके दिवस हे का सांगितलं नाही, तर आपल्या भोवतीच्या माणसांचं खासगीपण जपायचं होतं म्हणून, असं त्या निवेदनात आहे. (शॅकमधला दुसरा माणूस आठव.) पुढल्या एप्रिलमध्ये वेम्बली स्टेडियमवर त्याच्या नावानं मोठी मैफल झाली आणि तिच्या पैशातून एड्सवर काम करणारा न्यास उभा राहिला. त्या पैशाचा उपयोग ज्यांना झाला त्यातल्या कुणालाही, फ्रेडीनं कधी काय कबूल केलं होतं, याची गरज पडली नाही.

आता मामेभाऊ. त्याला चेहरा हवा हे खरं, पण चेहरे आहेत. पारलिंगी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी आहेत, दिशा पिंकी शेख यांच्या कविता आहेत, बिंदुमाधव खिरे यांनी तर मराठीत या विषयावर सोप्या भाषेत कितीतरी लिहून ठेवलंय. ही माणसं स्वतःहून बोललेली आहेत, त्यांना ऐका. आणि मुलींसारखा वागतो म्हणजे तो समलिंगी, असं तूही धरून चालू नकोस. असेल, नसेल, त्याचं त्याला कळेल. त्याला आत्ता मार पडतोय. तो थांबवायला नटाच्या पोस्टची वाट कशाला बघायची? मामीला घेऊन शाळेत जा. वर्गशिक्षिकेला भेट, लेखी तक्रार दे, पोचपावती घे. आणि त्याला सिनेमाला ने, त्याला आवडेल त्या.

‘मग चाहते म्हणून आम्ही काहीच करायचं नाही का?’ असं विचारशील. कितीतरी करता येतं. जून २०२० मध्ये बीटीएस या कोरियन बँडनं आणि त्यांच्या कंपनीनं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आंदोलनासाठी १० लाख डॉलर दिले, तर त्यांच्या चाहत्यांनी जेमतेम दिवसभरात तेवढेच आणखी गोळा केले. चाहत्यांच्या हातात केवढी ताकद असते, बघ. पण पैसे गोळा करणं त्या मानानं सोपं. तुमचं अवघड काम तुमच्याच कॉमेंटमध्ये पडलंय. मी तुमचं पेज पाहिलं. तुमच्या नटाच्या पोस्टखाली ‘प्रेम ते प्रेम’ आणि सात रंग. आणि दुसऱ्या नटाच्या चाहत्यांशी भांडण झालं की त्याच लोकांच्या तोंडी ‘बायल्या’ आणि ‘छक्का’. अॅडमिननी ती कॉमेंट लाइक केलेली. ते वाचून तुमच्या नटाला, तो कोणीही असो, काय कळलं असेल?

तुमच्या ग्रुपमध्ये एक पारलिंगी ताई आहे, ‘ती फारशी बोलत नाही’, असं जाता जाता लिहिलंयस. का बोलत नाही, विचारलंस कधी? मागच्या प्रीमियरला तुम्ही सगळे गेलात तेव्हा तपासणीच्या बायकांच्या रांगेत तिच्याबरोबर कोण उभं होतं? ग्रुप फोटोत ती कुठे आहे? इथं तुझं काम निघतं बघ, आणि त्याला हॅशटॅग लागत नाही. हे शब्द पेजवर चालणार नाहीत असं पिन करून टाका, कुणाविरुद्धही, आपल्या शत्रूविरुद्धही. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा बाहेर. ५०० फॉलोअर जातील. जाऊ देत. आणि ‘तो आहे का’ या प्रश्नाला पेजचं एकच उत्तर ठरवा: आम्ही इथं त्याच्या कामाबद्दल बोलतो. जूनमध्ये काही करायचंच असेल तर त्याला टॅग न करता करा. त्याच्या वाढदिवसाचा केक आणि बॅनरचा खर्च मुंबईच्या हमसफर ट्रस्टसारख्या, १९९४ पासून काम करणाऱ्या संस्थेला द्या. फोटो, पोस्ट, काही नको.

आता ‘स’. तू तिला ताज्या कलमात टाकलंस, पण मला वाटतं पत्र तू तिच्यासाठीच लिहिलंस.

तुझा हेतू चांगला होता, हे तू पाच ओळींत पटवलंयस. मला पटलं. तिला पटवायला जाऊ नकोस. विनोद थांबवायचे होते ना? मग तू अॅडमिन आहेस, ‘हे विनोद इथं नकोत’ म्हणायला तुला ‘स’चं नाव का लागलं? कारण ‘आपल्यातल्या कुणालातरी लागतं’ असं सांगितल्याशिवाय ते विनोद वाईट आहेत हे दुसऱ्याला पटणार नाही, असं तुला वाटलं. आणि नटाकडून तुम्हाला हवं असलेलं ‘हो’ही तेच आहे. कुणीतरी आधी पुढे येऊन सांगायचं, मग आम्ही नीट वागू. हा क्रम मला उलटा वाटतो.

आधी दुसऱ्या अॅडमिनला गाठ आणि त्यानं हे कुणाकुणाला सांगितलं ते नावानिशी विचार. चिडेल, चिडू दे. मग ‘स’ला एकच मेसेज कर. त्यात ‘मुली’ वगैरे शब्द नकोत, तिचा फोन घरात कोण हाताळतं तुला माहीत नाही. साधारण असं लिही: ‘तू मला सांगितलेली गोष्ट मी तुला न विचारता अमुकला सांगितली. त्याच्याकडून ती फलाण्यापर्यंत गेली, पुढे नाही. चूक माझी आहे. यापुढे माझ्याकडून कुणाकडे जाणार नाही. तुला काही हवं असेल तर मी आहे. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’ नावं खरी घाल. कुणाला माहीत आहे हे कळणं तिच्यासाठी तुझ्या माफीपेक्षा मोलाचं आहे, कारण त्यावरून तिला उद्या कुणासमोर सावध राहायचं ते ठरवता येईल.

हे झालं की थांब. तिच्या घरी जाऊ नकोस, आईला फोन करू नकोस, मैत्रिणींना मध्ये घालू नकोस, स्टोरीवर दुःखी गाणं लावू नकोस. ती परत येईलच असं नाही. तू केलंस ते तिच्या दृष्टीनं मोठं आहे आणि मैत्री तुटली तर ती तुटण्यासारखीच गोष्ट घडलीय. फक्त एक अपवाद. तिच्या घरी हे कळलंय, तिला कोंडलंय, मारलंय किंवा घाईनं लग्न ठरवलंय असं कानावर आलं, तर गप्प बसू नकोस. तिच्याशी संपर्क होत असेल तर तिला विचारून, अजिबात होत नसेल तर स्वतः, अशा संस्थेशी बोल. पुण्यात बिंदू क्वीअर राइट्स फाउंडेशन आहे, मुंबईत हमसफर. घरी कसं बोलायचं, पोलिसांकडे कधी जायचं, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

उद्या आणखी कुणी तुला असं काही सांगितलं तर एवढंच विचार: ‘हे आणखी कुणाला माहीत आहे? मी कुणासमोर काय बोलू नको?’ आणि मग चहा मागव.

तो फोटो अजून काढला नसलास तर आता काढ. फोनच्या डिलीट केलेल्या फोटोंच्या फोल्डरमध्ये तो महिना-दोन महिने पडून असतो, तिथूनही. आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप तिघांनीही तपासा.